क्योतोत उरलेला अर्धा दिवस: गोशो, निजो की सेंतो?

ओसाकात घर केल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. जपानला आलेला मराठी माणूस क्योतोला जातोच, आणि तिथली त्याची यादी विमानात बसण्याआधीच ठरलेली असते. फुशिमीच्या लाल कमानी, सोनेरी देऊळ, बांबूचं बन. हे सगळं उरकून अर्धा दिवस हाताशी उरतो. मग रात्री जेवताना फोन माझ्यापुढे सरकवून विचारतात, "अगं, हा राजवाडा बघावा की हा किल्ला?" राजवाडा म्हणजे क्योतो गोशो, किल्ला म्हणजे निजो. दोन्ही एका अर्ध्या दिवसात कोंबता येतात, पण मग दोन्हीकडे नुसती हजेरी लागते.

पाहुण्यांना घेऊन या दोन्ही ठिकाणी माझ्या बऱ्याच खेपा झाल्या आहेत. काही वेळा निवड जमली, काही वेळा सपशेल चुकली. तेव्हा मत आधी सांगते, कारणं मागून. राजवाडा आतून बघायची हौस असेल तर निजोला जा. गोशोला 'राजवाडा बघायला' म्हणून गेलात तर हिरमोड व्हायची शक्यता जास्त. पण गोशोभोवतीची जी बाग आहे, तिच्यासाठी मी स्वतः निजोवर पाणी सोडेन. आणि एक तिसरी जागा आहे, जिच्याबद्दल कोणीच विचारत नाही. तिच्याकडे मागाहून येते.

आधी नावांचा घोळ

नकाशावर शहराच्या मधोमध एक उभा हिरवा आयत दिसतो. दक्षिणोत्तर सुमारे १,३०० मीटर, पूर्व-पश्चिम ७००. या सगळ्या हिरव्याचं नाव क्योतो ग्योएन. ही सार्वजनिक बाग, पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतली, दिवसरात्र उघडी, तिकीट नाही. तिच्या पोटात भिंतीआड दोन वाडे आहेत. एक गोशो, म्हणजे सम्राटाचा राजवाडा. त्याच्या आग्नेयेला सेंतो गोशो, म्हणजे गादी सोडलेल्या सम्राटाचा. हे दोन्ही राजघराण्याचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याकडे. म्हणजे बाग एकाची, वाडे दुसऱ्याचे, आणि वेळापत्रकं वेगवेगळी.

हे मला आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा कळलं. वार सोमवार. गोशो सोमवारी बंद असतो (सोमवारी सणाची सुट्टी असेल तर मंगळवारी). मी ते बघितलंच नव्हतं. बंद दरवाजासमोर आम्ही तिघं उभे. बाबा म्हणाले, निदान भिंतीला हात तरी लावून येतो. भिंतीच्या पायथ्याशी हातभर रुंदीचा पाण्याचा पाट वाहतो. तो ओलांडून ते जेमतेम भिंतीपाशी पोचले असतील, तोच कुठूनशी पीं पीं सुरू झाली आणि जपानीतून सूचना ऐकू यायला लागली. बाबा असे काही मागे सरले की पाय पाटात. आई म्हणाली, "एवढ्या लांब आणलंस ते भिंत बघायला?" पुढचे दोन तास आम्ही झाडांखाली बसून काढले, बाबांचे मोजे बाकाच्या पाठीवर वाळत घातले होते. पुण्याला परतल्यावर दोघं शेजाऱ्यापाजाऱ्यांना जे सांगतात ते या दोन तासांचं. सोनेरी देवळाचं नावही निघत नाही.

सातारची गादी आणि पुण्याचा कारभार

गोशो आणि निजो यांच्यातलं नातं मराठी माणसाला चटकन समजतं. शाहू महाराजांच्या पश्चात गादी साताऱ्याला आणि कारभार पुण्याला, पण पेशवाईची वस्त्रं यायची ती साताऱ्याहूनच. इथे सम्राट क्योतोत, सत्ता एदोत (आजचं तोक्यो) शोगुनच्या, म्हणजे लष्करी कारभाऱ्याच्या हातात, आणि शोगुनपदाची नेमणूक मात्र सम्राटाच्या नावाने. ही तुलना फार ताणू नये, कारण तोकुगावा हे शोगुन घराणं येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या सम्राटाच्या हातून राज्य गेलेलं होतं. पण दोन्ही जागा बघताना ती डोक्यात असली की दगडमाती बोलायला लागते.

निजो हा शोगुनचा क्योतोतला मुक्काम. तोकुगावा इएयासूने १६०३ साली तो बांधून पुरा केला, राजवाड्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर. त्याला रुंद खंदक आहे, तासलेल्या दगडांचा तट आहे, जाडजूड दरवाजे आहेत. गोशोला यातलं काही नाही. मातीची लिंपलेली भिंत, तिच्यावर पाच आडव्या पांढऱ्या रेघा, आणि खाली तो पाट. पाच रेघा म्हणजे भिंतीच्या दर्जातली सर्वात वरची पायरी. कारभाऱ्याला तटबंदी आणि राजाला रेघा. क्योतोत कोण कोणाला भ्यायचं, हे कळायला याहून जास्त वाचायची गरज नाही.

आणखी एक मजा. तिसरा शोगुन इएमित्सू १६३४ साली निजोत येऊन गेला. त्यानंतर एकही शोगुन क्योतोकडे फिरकला नाही, तो थेट १८६३ पर्यंत. सोन्याने मढवलेली ती दालनं सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ मालकाची वाट बघत होती. आणि मालक आला, तो चार-पाच वर्षांत राज्य सोडायलाच. १८६७ साली शेवटचा शोगुन योशिनोबू याने सत्ता सम्राटाला परत करत असल्याचं निजोच्या मोठ्या दालनात जमवलेल्या सरदारांच्या कारभाऱ्यांना सांगितलं. पुढच्या काही आठवड्यांत गोशोतल्या एका दालनात रात्रभर खल झाला आणि योशिनोबूचं पुढे काय करायचं ते ठरलं. शेवटचा अंक असा दोन्हीकडे वाटला गेला आहे.

गोशोच्या भिंतीआड

सोमवार टाळलात तर आता आत जाणं अगदी सोपं आहे. पूर्वी आधी अर्ज करावा लागे. २०१६ च्या उन्हाळ्यापासून ती भानगड संपली. पश्चिमेच्या सेइशोमोन दरवाजाने आत जायचं, पिशव्या तपासतात, पैसे नाहीत. सकाळी ९ ला उघडतो. बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, थंडीत दुपारी ४ लाच बंद आणि शेवटचा प्रवेश त्याच्या चाळीस मिनिटं आधी. डिसेंबरअखेर आणि नव्या वर्षाचे पहिले काही दिवसही बंद. आखून दिलेल्या वाटेने एकाच दिशेने चालायचं, तासाभरात बाहेर.

आणि इथेच ग्यानबाची मेख आहे. एकाही इमारतीच्या आत पाऊल टाकता येत नाही. सगळं अंगणातून बघायचं. खडीवरून करकर आवाज करत चालायचं, ओसरीपाशी थांबायचं, उघडं असेल ते दालन मान वाकडी करून बघायचं, पुढे सरकायचं. ज्याला शनिवारवाड्याच्या नुसत्या जोत्यांवरूनही वाडा उभा करता येतो त्याला इथे भरपूर आहे. बाकीच्यांना पंधराव्या मिनिटाला कंटाळा येतो. माझी मावशी बाहेर पडताना म्हणाली, "म्हणजे आपण अंगणातूनच परत आलो म्हणायचं."

मला स्वतःला तिथलं मुख्य सभागृह, शिशिन्देन, दर वेळी थांबवतं. समोर पांढऱ्या खडीचं मोकळं आवार, पायऱ्यांच्या एका अंगाला चेरीचं झाड, दुसऱ्या अंगाला ताचिबाना, म्हणजे एक आंबट जपानी संत्रं. बाकी काही नाही. बघायचं ते छप्पर. हिनोकी झाडाच्या सालीचे थरावर थर बांबूच्या खिळ्यांनी ठोकलेले, आणि वळचणीला कापलेली कड जाडजूड, एखाद्या जुन्या पोथीच्या पानांच्या कडेसारखी. झाड न तोडता जिवंत खोडावरूनच ही साल काढतात. पावसात भिजली की तिचा रंग काळपट होतो आणि मग सोनंबिनं काही नको वाटतं.

या सभागृहात ठेवलेलं ताकामिकुरा नावाचं सिंहासन सम्राटाच्या राज्यारोहणाचं. १९१५ आणि १९२८ चे सोहळे इथेच झाले. १९९० साली सोहळा तोक्योला करायचं ठरलं तेव्हा सिंहासन सुटं करून लष्कराच्या हेलिकॉप्टरने नेलं आणि परत आणून ठेवलं. २०१९ सालीही त्याने तोक्योची वारी केली. राजा गेला तरी सिंहासन क्योतोचंच, या हट्टाचं क्योतोच्या लोकांना मनातून कौतुक आहे असा माझा समज आहे.

आणखी एक जागा पाहुण्यांना आवडते, सुरुवातीचीच. दरबारात आलेल्यांनी थांबायच्या तीन खोल्या, वाघाची, करकोच्याची आणि चेरीची. दर्जाप्रमाणे खोली. चेरीच्या खोलीत बसणाऱ्यांना तर जोडे काढायचा दगडही निराळा. आपल्याकडच्या दरबारी मानपानाचे किस्से ऐकलेल्यांना हे समजवावं लागत नाही.

मात्र 'हजार वर्षांचा राजवाडा' असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. ७९४ साली राजधानी वसली तेव्हाचा राजवाडा इथून पश्चिमेला होता. तो पुन्हा पुन्हा जळाला. आताच्या जागी सम्राटाची कायमची वस्ती झाली १३३१ च्या सुमारास, आणि आज दिसतात त्या बहुतेक इमारती १८५५ च्या. त्यातलंही कोगोशो, जिथे ती रात्रभराची मसलत झाली, १९५४ साली जळालं. कशाने? कामो नदीवर उडवलेल्या आतषबाजीच्या ठिणगीने. आज उभं आहे ते १९५८ सालचं.

निजोच्या दालनांतून

निजोत गोष्ट उलट. इथे आत जाता येतं, आणि आत जे आहे ते दिपवणारं आहे. निनोमारू राजवाडा म्हणजे एकामागे एक तिरप्या रांगेत मांडलेल्या सहा इमारती, ३३ खोल्या, ८०० हून जास्त तातामी चटया. भिंतीभर सोनेरी वर्खावर रंगवलेले पाईन वृक्ष, ससाणे आणि वाघ. चित्रं कानो घराण्याच्या चित्रकारांची. त्यांनी जिवंत वाघ पाहिलेला नव्हता, बाहेरून आलेली कातडी बघून चितारले, आणि बिबट्या म्हणजे वाघाची मादी असा समज होता, म्हणून वाघांच्या कळपात ठिपकेवाल्या 'वाघिणी' आहेत. ताडोबाला जाऊन आलेल्या पाहुण्यांना इथे हसू आवरत नाही. पण विचार करा, एखादा सरदार शोगुनच्या भेटीसाठी या खोलीत तास-तासभर ताटकळत बसलाय आणि चारी भिंतींवरून हे डोळे त्याच्याकडे बघतायत. वाघ बरोबर काढलाय की चूक, हे त्याला सुचलं नसणार.

चालताना पायाखालची जमीन चिवचिवते. पूर्वी सांगायचे की मारेकरी आला तर कळावा म्हणून मुद्दाम केलेली युक्ती. आता सांगतात की फळ्यांखालच्या लोखंडी पट्ट्या आणि खिळे एकमेकांवर घासून हा आवाज होतो, मुद्दाम केलेला नसावा. मला पहिली गोष्ट जास्त आवडते, पाहुण्यांना मात्र दोन्ही सांगते.

तीन तक्रारी. आत फोटो काढता येत नाहीत. खोल्यांत प्रत्यक्ष शिरता येत नाही, बाजूच्या ओसरीवजा वाटेवरून चालत बघायचं, आणि भिंतींवरची बरीचशी चित्रं आता हुबेहूब नकला आहेत (अस्सल चित्रं त्याच आवारातल्या वेगळ्या दालनात जपून ठेवली आहेत, आळीपाळीने मांडतात). आणि जोडे बाहेर काढायचे असतात. जानेवारीत ती लाकडी जमीन तळपायातून वर चढते. जाड मोजे घाला, नाहीतर चौथ्या खोलीनंतर वाघ दिसतच नाहीत, नुसतं बाहेर कधी पडतो असं होतं.

तिकीट राजवाड्यासह माणशी सुमारे १,३०० येन, म्हणजे सातशे-आठशे रुपये. किल्ला सकाळी ८:४५ ला उघडतो, दुपारी ४ नंतर आत घेत नाहीत. जानेवारी, जुलै, ऑगस्ट आणि डिसेंबरात मंगळवारी निनोमारू राजवाडा बंद असतो, किल्ला उघडा असला तरी. तेवढं तपासा. सोमवारचा धडा मी गिरवलाय, तुम्ही मंगळवारचा गिरवू नका.

निजोच्या आतल्या भागात होनमारू नावाचा आणखी एक राजवाडा आहे, डागडुजीसाठी पुष्कळ वर्षं बंद असलेला, २०२४ पासून पुन्हा उघडलाय. वेगळे पैसे आणि आधी बुकिंग. त्याची गंमत ही की तो मूळचा किल्ल्याचा नाहीच. गोशोशेजारी, आजच्या बागेत, कात्सुरा राजघराण्याचा वाडा होता. तो १८९३-९४ साली सोडवून इथे आणून बसवला. गोशो आणि निजो यांत निवड न करता दोन्ही थोडं थोडं हवं असेल, तर हा एक मार्ग आहे.

भिंतीबाहेर: ग्योएन

आता माझ्या आवडीकडे येते. या बागेच्या जागी एकेकाळी दरबारी घराण्यांचे वाडे खेटून उभे होते, दीडशे-दोनशे तरी. १८६९ साली सम्राट तोक्योला गेला आणि मागोमाग ही मंडळीही गेली. वाडे ओस पडले, गवत माजलं. १८७७ साली मेइजी सम्राट क्योतोला आला, ते बघून हळहळला आणि जागा राखायला सांगितलं. पडके वाडे हटवले, कडेने दगडी बांध घातला, झाडं लावली. आज पन्नास हजारांच्या आसपास झाडं आहेत. म्हणजे ही बाग कोणा राजाच्या विहारासाठी आखलेली नाही. एका रिकाम्या झालेल्या पेठेवर उगवलेली आहे, आणि हे एकदा कळलं की तिथलं मोकळेपण वेगळं वाटायला लागतं.

मधले रस्ते अवाढव्य रुंद आणि पूर्ण खडीचे. त्या खडीत एक बारीक रेघ दिसेल, जेमतेम एका चाकाच्या रुंदीची, लांबच लांब गेलेली. रोज सायकलने ये-जा करणाऱ्यांनी पाडलेली ती वाट. समोरून दुसरा सायकलवाला आला की एकजण खडीत उतरतो, मान लववतो, पुन्हा रेघेवर येतो. एवढा चाळीस-पन्नास पावलांचा रस्ता मोकळा असताना दोघांची ही कसरत बघत मी बाकावर कितीतरी वेळ बसले आहे. आमचे काका म्हणाले होते, "लक्ष्मी रोडवर एकाने तरी असं उतरून दाखवावं."

बघायचंच असेल काही, तर दोन गोष्टी चुकवू नका. पश्चिमेचा हामागुरी दरवाजा. हामागुरी म्हणजे शिंपला. हा दरवाजा एरवी बंदच असायचा, एका मोठ्या आगीत उघडला, आणि भाजल्यावर शिंपला उघडतो तसा हा उघडला म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं अशी गोष्ट आहे. १८६४ साली चोशू संस्थानच्या फौजेने इथे हल्ला केला, लढाई पेटली, आणि त्या आगीत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. खांबांवर गोळ्यांचे खड्डे आहेत. करंगळीचं टोक बसेल एवढे. इथे हात लावलात तरी काही वाजत नाही.

दुसरी, गोशोच्या भिंतीचा ईशान्य कोपरा. ईशान्य ही तिथे अशुभ येण्याची दिशा मानतात (आपल्याकडे ईशान्य म्हणजे देवघराची जागा, हे सांगितल्यावर माझ्या ऑफिसातली एक जपानी मैत्रीण थक्क झाली होती). म्हणून तो कोपरा मुद्दाम आत कापलाय, म्हणजे कोपराच उरला नाही. वळचणीखाली बघितलंत तर एक लाकडी माकड बसलंय, राखणदार म्हणून. आणि ते जाळीत कोंडलेलं आहे. रात्री खाली उतरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खोड्या काढायचं म्हणे.

बाकी ऋतू सांभाळा. फेब्रुवारीअखेर प्लमची फुलं. मार्च संपता संपता उत्तरेच्या टोकाला जुन्या कोनोए वाड्याच्या जागी खाली लवलेल्या चेरी फुलतात, शहरातल्या इतर चेरींच्या थोडं आधीच, आणि गर्दी फिलॉसॉफर्स पाथ या चेरींच्या प्रसिद्ध वाटेवर असते तशी नसते. नोव्हेंबरात गिंको पिवळे धमक. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी इथे चालायचं नाव काढू नका, ती पांढरी खडी तव्यासारखी तापते. १५ मे ला आओई आणि २२ ऑक्टोबरला जिदाई, या दोन मोठ्या मिरवणुका इथूनच निघतात. मिरवणूक बघायची असेल तर उत्तम, निवांतपणा हवा असेल तर ते दोन दिवस सोडून द्या.

आणि तिसरी जागा: सेंतो

बागेसाठी म्हणूनच जपानला येणाऱ्यांना मी गोशोही सांगत नाही आणि निजोही. सेंतो सांगते. सम्राट गो-मिझुनोओ याने गादी सोडली तेव्हा त्याच्यासाठी हा वाडा बांधला, आणि बाग आखली कोबोरी एन्शूने, १६३० च्या सुमारास. वाडा १८५४ साली जळाला आणि पुन्हा बांधलाच नाही. बाग तेवढी उरली. मालक नाही, घर नाही, नुसती बाग.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरला असाल तर या जातीच्या बागेशी तुमची तोंडओळख आहे. ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. तळं मध्ये ठेवून त्याच्याभोवती फिरायचं, आणि प्रत्येक वळणाला आधीचं दृश्य झाकलं जाऊन नवं उघडायचं, हीच रीत सेंतोत आहे. पण इथे दक्षिण तळ्याच्या काठाला जे आहे ते मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. काठ उतरता आहे आणि पूर्ण गोट्यांचा. हाताच्या पंजात मावतील असे, गुळगुळीत, चपटे, सगळे एका मापाचे वाटावेत असे, लाखाहून जास्त. ओदावाराच्या समुद्रकाठून एका सरदाराने गोळा करून पाठवले, आणि एकेका गोट्यामागे एक शो, म्हणजे पावणेदोन लिटरच्या मापाने तांदूळ मोजला अशी आख्यायिका आहे. त्यांना 'एक शो दगड' म्हणतात. पाणी गोट्यांवर हलकेच चढतं आणि उतरतं, समुद्र असल्यासारखं. एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला गेलात तर पुलावरच्या मांडवावरून विस्टेरियाचे जांभळे घोस लोंबत असतात.

अडचण अशी की इथे मनात आलं आणि गेलं असं चालत नाही. ठरलेल्या वेळी, गटाने, वाटाड्याबरोबर तासभर. पैसे नाहीत, पण आधी ऑनलाइन जागा धरावी लागते, पासपोर्ट दाखवावा लागतो. दुपारच्या काही फेऱ्यांसाठी त्याच दिवशी जागेवर चिठ्ठ्या वाटतात, तेव्हा सकाळी अकराच्या आत दारात उभं राहायची तयारी असेल तर नशीब आजमावता येतं. लहान मुलांना घेत नाहीत. वाटाड्या जपानीत बोलतो. मागे पडून फोटो काढत बसलात तर शेपटाला चालणारा पहारेकरी नम्रपणे पुढे हाकतो.

कोणाला घेऊन कुठे

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना निजो. चालणं आहे, पण आत सपाट लाकूड आहे. गोशो आणि ग्योएनमधली खडी दिसायला साधी, चालायला वाळूसारखी. बाबागाडीची चाकं तर रुततातच.

लहान मूल असेल तर मात्र ग्योएन. माझी मैत्रीण तिच्या चार वर्षांच्या लेकाला घेऊन आली तेव्हा मी हौसेने निजोला नेलं. जमीन चिवचिवते हे त्याला कळेपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्याने उड्या मारायला सुरुवात केली. पुढची वीस मिनिटं आम्ही वाघ बघितले की पोर आवरलं, ते सांगायला नको. ग्योएनमध्ये बेसबॉलची मैदानं आहेत, मुलांसाठी राखलेलं रान आहे, आणि ओरडलं तरी कोणी वळून बघत नाही.

पाऊस असेल तर निजो, हे सांगायला नकोच. तरी त्या भिजलेल्या छपरासाठी मी गोशोला जाईन, पण तो माझा वेडेपणा.

शाकाहारी मंडळींचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच, पण ग्योएनच्या आसपास गोडावर दिवस काढता येतो. पश्चिमेला इचिजोमध्ये तोराया आहे, राजदरबाराला मिठाई पुरवणारं जुनं घराणं, सम्राटामागून तोक्योला गेलं पण इथलं दुकान राखून आहे. त्यांचं योकान म्हणजे लाल चवळीसारख्या आझुकीचा, साखरेचा आणि समुद्रशेवाळातून काढलेल्या आगारचा घट्ट हलवा. ईशान्येला देमाची बाजारात फुताबाच्या वाटाणे घातलेल्या मोचीसाठी (तांदळाची चिकट मिठाई) रांग असते, पण ती भराभर पुढे सरकते. पूर्वेला बागेला लागून नाशिनोकी देऊळ आहे. तिथल्या विहिरीचं पाणी क्योतोच्या तीन नावाजलेल्या पाण्यांपैकी एक, आसपासचे लोक बाटल्या भरून नेतात. तुमचीही भरा.

गोशोसाठी कारासुमा मेट्रोचं इमादेगावा स्टेशन, बागेच्या दक्षिण टोकासाठी मारुतामाची. ओसाकाहून येत असाल तर केइहान रेल्वेने देमाचियानागीला उतरून नदी ओलांडून चालत या, ती वाटच छान आहे. निजोसाठी तोझाई मेट्रोचं निजोजो-माए, दारातच.

तोक्योच्या राजवाड्याचं काय, हेही विचारतात. तिथली पूर्व बाग फुकट आहे, सोमवार आणि शुक्रवार हे दोन वार सोडून उघडी, आणि एदो किल्ल्याच्या मुख्य बुरुजाचा दगडी चौथरा बघण्यासारखा आहे. बुरुज १६५७ च्या आगीत गेला तो पुन्हा उभा केला नाही. तोक्योत असाल तर तासभर जा. क्योतोला जाणार असाल तर नाही गेलात तरी चालेल.

पुढच्या महिन्यात मामा येतायत. गुडघा नवीन बसवलेला, आणि फोनवर म्हणाले, "मला एकच काहीतरी दाखव, पण त्यात सोनं हवं." त्यांच्यासाठी निजो ठरवलंय, जाड मोज्यांसकट. मामींना मात्र मी सेंतोच्या चिठ्ठीसाठी सकाळीच रांगेत उभं करणार आहे.